ख्लेमूत्सीला पन्नास मिनिटं

घाईत असणाऱ्यांसाठी गुण आधीच सांगून टाकतो. ग्रीसमधल्या ख्लेमूत्सी किल्ल्याच्या सहलीला पाचापैकी दोन. किल्ल्याला गुण देणारा मी कोण? तिकिटाचे पैसे फिटून वर उरतात, एवढं नक्की.

मुलगी ग्रीसमध्ये पात्रा शहरात असते. यंदा उन्हाळ्यात आम्ही दोघं सहा आठवडे तिच्याकडे होतो. मी सातारचा, बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो. किल्ला दिसला की चढल्याशिवाय मला राहवत नाही, मग गुडघा काहीही म्हणो. पात्राचा किल्ला पहिल्या आठवड्यातच दोनदा पाहून झाला. मग मुलीने फोनवरून आमच्यासाठी एक सहल ठरवली. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा तिथे पुष्कळ आहेत आणि जाहिराती सगळ्यांच्या सारख्याच. मध्ययुगीन किल्ला, वाइन आणि निळा समुद्र. आठ माणसांची गाडी, इंग्रजी बोलणारा गाइड, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा.

साडेआठची गाडी नऊला दहा कमी असताना आली. ते सोडून देऊ. गाडी स्वच्छ होती, थंड पाण्याच्या बाटल्या होत्या, आणि गाइड पोरगा भला होता. चढावर माझा हात धरायला दोनदा धावला. त्याच्याबद्दल तक्रार नाही, तक्रार आखणीबद्दल आहे. वाइनच्या ठिकाणी दीड तास. आम्ही दोघंही घेत नाही, त्यामुळे सावलीत बसून ऑलिव्ह खाल्ले. समुद्रावर दोन तास. आणि ज्या किल्ल्याचा फोटो जाहिरातीत सगळ्यात मोठा, त्याला पन्नास मिनिटं, त्यात बाथरूम आणि ग्रुप फोटो आलेच.

ख्लेमूत्सी पात्रापासून सत्तरेक किलोमीटरवर आहे, ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनेस द्वीपकल्पाच्या पार वायव्य टोकाला. जवळचं बंदर किल्लीनी. त्यावर बायको गाडीत म्हणाली, "किल्लीनीला किल्ला नसेल तर कुठे असेल?" विनोद गाइडला समजावून सांगायचा प्रयत्न केला, तो बिचारा हसला. टेकडी म्हणाल तर फार नाही, समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्या आसपास. आमच्या अजिंक्यताऱ्यापुढे टेकाडच. पण चहूकडे सपाट रान आणि पुढे थेट समुद्र, त्यामुळे लांबूनच दिसायला लागतो. वर गेल्यावर समोर झाकिन्थोस बेट आणि उजवीकडे केफालोनिया. खालून जाणारं एकही जहाज इथून चुकत नसणार.

पायथ्याच्या गावाचं नावच कास्त्रो, म्हणजे किल्ला. गाडी जवळजवळ दरवाजापर्यंत जाते. आत शिरलं की आधी बाहेरचा कोट, त्यात घरांचे पडके अवशेष, आणि मग बालेकिल्ला. आपल्याकडे बालेकिल्ला म्हटलं की कातळाची नैसर्गिक उंची हेरून तट फिरवलेला असतो. इथला बालेकिल्ला सहा बाजूंचा आहे, जरा वेडावाकडा षटकोन. मधे मोठं अंगण आणि अंगणाभोवती सगळीकडून लांबच लांब दालनं, वर दगडी कमानी छत. तटाची भिंत आणि राहण्याची दालनं एकाच बांधकामात. म्हणजे बाहेरून गड आणि आतून वाडा. तेहतीस वर्षं दगड-सिमेंटात घालवलेल्या माणसाला इथे पन्नास मिनिटं देणं म्हणजे जेवायला बोलावून पान वाढायच्या आधी हात धुवायला पाठवणं.

गाइडने अंगणात उभं राहून जे सांगितलं ते साधारण असं. फ्रेंच सरदार आले, त्यांनी किल्ला बांधला, इथे ते नाणी पाडत, म्हणून इटालियन लोक याला कास्तेल तोर्नेझे म्हणू लागले, मग तुर्क आले, मग स्वातंत्र्य. चार मिनिटांत सहाशे वर्षं. त्यातली नाण्यांची गोष्ट चुकीची, आणि जी खरी गोष्ट ऐकायला माणूस एवढा लांब येतो ती आलीच नाही. म्हणून ती मीच इथे सांगतो.

१२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धाला निघालेल्या फौजेने जेरुसलेमला जायचं सोडून कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, लुटलं. ख्रिस्ती लोकांनीच ख्रिस्ती राजधानी लुटली. तिथल्या ग्रीकांच्या बायझंटाइन साम्राज्याचे तुकडे झाले, आणि पेलोपोनेसमध्ये, ज्याला तेव्हा मोरिया म्हणत, १२०५ पासून फ्रेंच सरदारांनी अखायाचं राज्य उभं केलं. त्यातलाच एक जॉफ्रुआ द विलार्दुआँ पुढे तिथला राजा झाला. जमीन जिंकली की वाटणी आलीच. सरदारांना जहागिरी मिळाल्या, आणि धर्मपीठालाही मिळाल्या. पात्राच्या आर्चबिशपला आठ, बाकीच्या बिशपांना चार-चार, टेम्पलर वगैरे लढवय्या धर्मसंघांनाही चार-चार.

पुढे राजाने सगळ्यांकडे सैन्य मागितलं. सरदारांनी दिलं. धर्मपीठ म्हणालं, आम्ही फक्त पोपला बांधील. त्यावर जॉफ्रुआने जे केलं ते आमच्या खात्यातल्या कुठल्याही जुन्या कारकुनाला आवडलं असतं. तुम्ही माणसं देत नाही ना, मग उत्पन्न मी ठेवतो. धर्मपीठाच्या जहागिरी जप्त केल्या आणि तीन वर्षं, १२२० ते १२२३, तो सगळा पैसा या टेकडीवर ओतला. पोप तिसरा होनोरियस याने त्याला धर्माबाहेर टाकलं. हा दगड रचत राहिला. किल्ला उभा राहिल्यावर पोपकडे माणसं पाठवून कळवलं की, महाराज, ग्रीकांनी हा मुलूख परत घेतला तर तुमचंही सगळं जाणार, हा किल्ला तुमच्याच राखणीला आहे. १२२३ मध्ये समेट झाला. जप्ती उठली आणि किल्ला राहिला. नाव ठेवलं क्लेरमाँ. ग्रीक तोंडात ते ख्लेमूत्सी झालं. (त्याच काळात इकडे देवगिरीवर सिंघण यादवाचं राज्य होतं, हे मी आपलं हिशेबासाठी मनात मांडून ठेवतो. तुम्हालाही उपयोगी पडेल.)

आता नाण्यांचं. टांकसाळ इथे नव्हती, ती खाली समुद्रकाठी ग्लारेंत्झा नावाच्या बंदरात होती, साधारण पाच किलोमीटरवर. ते या राज्याचं व्यापारी शहर. किल्ल्यातल्या संग्रहालयात काचेमागे ती नाणी ठेवलीत, आणि पुरावा नाण्यावरच आहे. आकार आपल्या जुन्या पंचवीस पैशांएवढा, कागदासारखं पातळ, चांदी कमी आणि तांबं जास्त म्हणून रंग काळपट. एका बाजूला क्रूस. दुसऱ्या बाजूला पोराने पाटीवर काढावं तसं त्रिकोणी माथ्याचं घर, आणि त्याच्या कडेने अक्षरं : दे क्लारेन्सिया. म्हणजे ग्लारेंत्झाचं. ते घरही हा किल्ला नव्हे. फ्रान्समधल्या तूर गावची नाणी तेव्हा सगळीकडे चालायची, त्यांच्यावरचं चित्र इथे जसंच्या तसं उचललं. तूरचं म्हणून तोर्नेझे. चित्रात किल्ला दिसतो, टेकडीवर किल्ला दिसतो, म्हणून लोकांनी दोन्हींची गाठ मारली आणि ती गाठ आठशे वर्षांनी गाइडच्या तोंडी अजून घट्ट आहे. मी पोराला काचेजवळ नेऊन अक्षरं दाखवली. तो म्हणाला, "पाच किलोमीटर म्हणजे तेच की, सर." यावर काय बोलणार!

पन्नास मिनिटं इथेच संपली. चालकाने खालून हॉर्न दिला.

दुपारचं जेवण किल्लीनीच्या बंदरावर. हे सहलीतलं खरं चांगलं. माझ्यापुढे भाजलेल्या सार्डिन, वर नुसतं लिंबू आणि जाडं मीठ. बायकोचा गुरुवार, तिच्यापुढे गीगांतेस. पावट्याच्या थोरल्या भावासारखे पांढरे दाणे, टोमॅटोत भट्टीत शिजवलेले. "ह्याला फक्त फोडणी हवी होती," म्हणत तिने ताट चाटूनपुसून संपवलं. जेवणाचे पैसे वेगळे, हे जाहिरातीत बारीक अक्षरांत होतं. ठीक आहे.

परतताना मात्र चिडलो. अंद्राविदावरून गाडी गेली, थांबली नाही. अखायाची ही राजधानी. आज छोटंसं गाव आहे, पण तिथे आयिया सोफिया नावाच्या चर्चचा मागचा भाग अजून उभा आहे, टोकदार फ्रेंच कमानींसकट. ग्रीसमध्ये असं बांधकाम शोधावंच लागतं. रस्त्यापासून किती आत असेल? पाच मिनिटं. विचारलं तर उत्तर मिळालं, कार्यक्रमात नाही. वाइनचा दीड तास कार्यक्रमात होता.

म्हणून पुढच्या रविवारी मुलगी भाड्याची गाडी घेऊन आम्हाला पुन्हा घेऊन गेली. या वेळी चार तास. सहलीचं परीक्षण करताना हे सांगणं गरजेचं आहे, कारण पन्नास मिनिटांत काय सुटतं ते चार तासांनंतरच कळतं.

पहिलं सुटतं ते म्हणजे वर बघणं. दालनात शिरलात की भिंतीवर पुरुषभर उंचीच्याही वर एक चूल दिसते. चूल म्हणजे थंडीसाठी जाळ करायची जागा, भिंतीतच केलेली, धुराडं वर गेलेलं. खाली जमीन नाही, पायरी नाही. अधांतरी. बायको म्हणाली, "अहो, इतक्या उंचावर कोण शेकत बसायचं?" मग मी तिला चुलीखालच्या रांगेतली भोकं दाखवली. तुळया बसवायची भोकं. मधे लाकडी मजला होता. खाली कोठारं, घोडी, पाणी, धान्य, आणि वर सरदार मंडळी जोडखिडक्यांपाशी बसून समुद्र बघत. लाकूड गेलं, चूल राहिली. एवढं एक कळलं की सगळा वाडा डोळ्यांपुढे उभा राहतो. सहलीत कुणीच वर पाहिलं नाही, कारण सगळे पायांखाली दगड बघत आणि घड्याळ बघत होते.

दरजा मी नखाने खरवडून पाहिल्या (कुणी बघत नसताना, तुम्ही करू नका). चुना अजून टणक आहे. बाहेरून तटाचा दगड ओबडधोबड लावलाय, पण छताच्या कमानींचा दगड असा काटेकोर घडवलाय की सांध्यात पोस्टकार्ड जाणार नाही. पैसा कुठे खर्च करायचा हे बांधणाऱ्याला कळत होतं. एका बाजूला तट मोठा फुटलाय. १८२०च्या दशकात ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धात इब्राहिम पाशाच्या तोफांनी केलेलं ते काम. तोवर हा किल्ला सहाशेच्या आसपास वर्षं जगला होता आणि त्यातली बरीचशी वर्षं कुणी त्याच्याशी लढलंच नाही.

तो हातोहात फिरला तो वेगळ्याच मार्गाने. दुसरं सुटतं ते हे. १३१५ मध्ये इथे एक बाई कैदेत मेली. मार्गरेट द विलार्दुआँ, किल्ला बांधणाऱ्याची नात. राज्यावर आपला हक्क आहे असं तिचं म्हणणं. म्हणून तिने आपल्या मुलीचं लग्न मायोर्काच्या फेर्दिनांद नावाच्या राजपुत्राशी लावून दिलं, जावई तरी हक्क मिळवून देईल म्हणून. मुलीचं लग्न उरकून मार्गरेट सिसिलीहून परत आल्याबरोबर इथल्या सरदारांनी तिला पकडून, जमिनी हिसकावून, आजोबांनी बांधलेल्या याच किल्ल्यात कोंडलं. काही महिन्यांत ती गेली. त्याच वर्षी मुलगीही बाळंतपणानंतर गेली. जावई फौज घेऊन ग्लारेंत्झाला उतरला, बंदर जिंकलं, आणि ५ जुलै १३१६ रोजी मानोलादाच्या लढाईत मारला गेला. बायको दालनात उभी राहून म्हणाली, "कुठली खोली असेल हो तिची?" कुठेच लिहिलेलं नाही. आम्ही आपली एक अरुंद खिडकीची निवडली आणि जरा वेळ तिथे बसलो.

तिसरं तर मला सगळ्यात भारी वाटलं. मोरियाची जी जुनी बखर आहे तिच्यात या किल्ल्याचं वर्णन करताना म्हटलंय की फ्रँक लोकांनी, म्हणजे याच फ्रेंच सरदारांनी, सगळा मुलूख गमावला तरी एवढ्या एका किल्ल्याच्या जोरावर ते तो परत जिंकतील. बखरकार अर्धा बरोबर निघाला. १४२८ मध्ये बायझंटाइन राजपुत्र कॉन्स्टंटाइन पालेओलोगोस याने इथल्या तोक्को घराण्यातल्या माद्दालेनाशी लग्न केलं. ग्रीक चर्चमध्ये तिचं नाव थिओडोरा ठेवलं. तोक्कोंकडे त्या वेळी हा सगळा पट्टा होता. किल्ला आणि ग्लारेंत्झा हुंड्यात आले. मग कॉन्स्टंटाइनने इथे मुक्काम ठोकून पात्रावर स्वाऱ्या केल्या. १४२९ मध्ये शहर घेतलं, वर्षभराने तिथला बालेकिल्लाही पडला. म्हणजे मुलूख परत जिंकला गेला खरा आणि तो याच किल्ल्यावरून, पण जिंकणारे ग्रीक होते. थिओडोरा मात्र लग्नानंतर दीड वर्षातच, १४२९च्या नोव्हेंबरात वारली. हाच कॉन्स्टंटाइन पुढे शेवटचा बायझंटाइन सम्राट, २९ मे १४५३ ला कॉन्स्टँटिनोपलच्या तटावर पडलेला. आणि मुलीच्या गच्चीतून जो किल्ला मी रोज चहा घेताना बघत होतो, तो त्याने इथून निघून घेतलेला! हे सहलीत एका वाक्यात सांगता आलं असतं. गाडी तर पात्राहूनच सुटते.

ग्लारेंत्झाही पाहिलं, अर्ध्या तासात. फार काही नाही, चौथरे आणि गवत. १४३०च्या सुमारास ते स्पेनकडच्या कातालान आरमाराने घेतलं. कॉन्स्टंटाइनने पैसे मोजून सोडवलं आणि पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून स्वतःच तट पाडून टाकला. चपला नकोत, बूट घाला, काटे फार.

परतीच्या वाटेवर मानोलादा लागतं. लढाईचं कुठलंच नामोनिशाण दिसलं नाही. दिसतात ते प्लॅस्टिकचे लांबच लांब बोगदे, आत स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरच्या माणसाला ओळखीचं वाटेल, फक्त इथे क्षितिजापर्यंत. एका दुकानात पाणी घ्यायला थांबलो तर पुढचा गिऱ्हाईक हिंदीत म्हणाला, "आप इंडिया से?" बांगलादेशी होता, सिल्हेटकडचा. इथल्या शेतांवर त्याच्या गावाकडची पुष्कळ मंडळी आहेत म्हणाला. २०१३ साली याच भागात थकलेली मजुरी मागणाऱ्या बांगलादेशी मजुरांवर मुकादमांनी बंदुका चालवल्या होत्या. प्रकरण युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेलं, आणि २०१७ मध्ये निकाल मजुरांच्या बाजूने लागला. तो माणूस त्यानंतर आलेला, पण त्याला सगळं माहीत होतं. तो स्ट्रॉबेरीचा खोका घ्या म्हणून मागे लागला, पैसे घेईना. शेवटी बायकोने पिशवीतल्या शेंगदाण्याच्या चार वड्या त्याच्या हातावर ठेवल्या तेव्हा कुठे हिशेब मिटला.

आता जाणाऱ्यांसाठी. जमत असेल तर स्वतःची किंवा भाड्याची गाडी करा, रस्ता सोपा आहे. सकाळी लवकर पोहोचा. दुपारी अंगणात ऊन तापतं, दालनांत मात्र गारवा असतो, त्यामुळे उलट क्रम लावा, आधी तट आणि मग संग्रहालय. गुडघ्याचा त्रास असेल तरी आतलं अंगण आणि खालची दालनं होतात. तटाच्या माथ्यावर जायच्या पायऱ्या उंच आहेत, मी उतरताना बसत बसत उतरलो आणि मला त्याची लाज वाटली नाही. टोपी आणि पाणी बरोबर ठेवा. अंद्राविदाला थांबा.

गाडी चालवणारं कुणी नसेल आणि सहलच घ्यावी लागणार असेल, तर ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा. किल्ल्यावर किती वेळ? आकडा लेखी घ्या.

कंपनीला मुलीने माझं हे सगळं म्हणणं इंग्रजीत लिहून पाठवलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, फार नम्र. सूचनेबद्दल आभार, नाण्यांबद्दलची दुरुस्ती गाइडला कळवली आहे, आणि यापुढे किल्ल्यासाठी पन्नास मिनिटांऐवजी पूर्ण एक तास ठेवू. सोबत वाइनच्या सहलीवर दहा टक्के सूट.